सगळ्यांचं एक गिऱ्हाईक

आमच्या मजल्यावर माणसं पुष्कळ होती आणि त्या सगळ्यांत मिळून गिऱ्हाईक एकच होतं. खरं नव्हे, खोटं. भाजीपाला आणि किराणा घरपोच देणारं एक ॲप आम्ही बनवायचो, आणि ते नीट चालतंय की नाही हे तपासण्यासाठी हे गिऱ्हाईक तयार करून ठेवलेलं होतं.

एकच का, तर ॲपमध्ये खातं उघडायला मोबाइल नंबर लागतो, नंबरवर ओटीपी येतो आणि तो वाचायला माणूस लागतो. आमच्या चाचण्या तर माणसाशिवाय, आपोआप चालणाऱ्या. म्हणून कंपनी लहान असताना कुणीतरी एक सिमकार्ड आणलं आणि त्या एका नंबराला कायम एकच ठरावीक ओटीपी चालेल अशी सोय करून ठेवली. तो कुणीतरी पुढे नोकरी सोडून गेला. सोय राहिली. कंपनी वाढली, दोन मजले घेतले, टीमवर टीमा आल्या, आणि प्रत्येक टीमची चाचणी त्याच एका नंबराने आत शिरत राहिली.

त्यामुळे त्या गिऱ्हाइकाचं आयुष्य विलक्षण झालं होतं. सकाळी ऑफिसात आल्यावर मी त्याचं खातं उघडून बघायचे. त्याच्या टोपलीत कधी एक क्विंटल कांदा असायचा, कारण कुणाला तरी टोपलीची मर्यादा तपासायची होती. त्याची जन्मतारीख कधी पुढच्या शतकातली असायची. पत्त्यांच्या यादीत मुंबई, दिल्ली, एक नुसतं 'एबीसीडी' आणि एक अख्खा रिकामा पत्ता. कन्नड भाषेची टीम त्याची भाषा कन्नड करून जेवायला गेली की त्या दिवशी बाकी सगळ्यांच्या चाचण्या 'नेक्स्ट' लिहिलेलं बटण शोधत बसायच्या आणि ते न सापडल्यामुळे नापास व्हायच्या. बटण जागेवरच असायचं. ते फक्त कन्नडमध्ये बोलत असायचं.

आपोआप चालणारी चाचणी म्हणजे काय, हे मला माझ्या पीजीच्या मालकीणबाईंना समजावून सांगावं लागलं होतं. त्यांना आम्ही सगळ्या मुली अक्का म्हणायचो. कोरमंगलात त्यांचं तीन मजली घर होतं, वरच्या दोन मजल्यांवर आम्ही. त्यांच्या घराण्याला बंगळूरला येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. घरात मराठी बोलायचे, पण तिच्यात कन्नड असं मुरलेलं की मराठीतून कन्नडमध्ये कधी गेले हे कळायचं नाही. माझी मराठी ऐकून त्या म्हणायच्या, "तुमचं पुण्याचं म्हणजे टीव्हीसारखं की गं." मला त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे कधी ठरवता आलं नाही.

मी त्यांना सांगितलं, की आम्ही एक प्रोग्राम लिहितो, तो गिऱ्हाईक असल्यासारखा वागतो. ॲप उघडतो, टोमॅटो निवडतो, पैसे भरल्याचं नाटक करतो, ऑर्डर आली का बघतो. सगळं बरोबर झालं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. आणि शेवटी आवराआवर करायची असते. म्हणजे जे जे आपण तयार केलं ते पुसून टाकायचं, जे बदललं ते पूर्ववत करायचं, म्हणजे पुढच्याला जागा स्वच्छ मिळते.

अक्कांनी विचार केला. "म्हणजे गिऱ्हाईक खोटं, भाजी खोटी, पैसे खोटे. पगार तेवढा खरा. सरी, सरी." सरी म्हणजे कन्नडमध्ये 'बरं'.

शेवटच्या आवराआवरीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. ऑफिसातही कुणी बोलायचं नाही. प्रत्येक चाचणीच्या शेवटी त्यासाठी वेगळी जागा असते, आणि मजल्यावरच्या बहुतेक चाचण्यांत ती जागा मोकळी होती. काहींत तिथे एक ओळ लिहिलेली असायची: 'नंतर करू.'

मला त्या गिऱ्हाइकाची एवढी काळजी वाटण्याचं कारण भूतदया नव्हतं. मला टेस्टिंगमधून बाहेर पडायचं होतं. कॉलेजमध्ये मी प्रोग्राम लिहायला शिकले होते आणि मला ॲप बनवायचं होतं. दुसऱ्यांनी बनवलेलं तपासत बसायचं नव्हतं. मी हे मॅनेजरला सांगितलं होतं. म्हणजे वार्षिक मुलाखतीत त्याने विचारलं तेव्हा सांगितलं. तो आनंदाने म्हणाला, जरूर. बनवणाऱ्या टीममध्ये पुढच्या रिलीजनंतर, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती बाहेर पडल्यावर, एक जागा होणार आहे. तिथली टीम लीड हुशार आहे, काटेकोर आहे, तिला भरवशाची माणसं लागतात. तुझ्या चाचण्या रिलीजपर्यंत हिरव्या ठेव, मी तुझं नाव देतो.

अट सरळ होती. माझ्या चाचण्याही सरळ होत्या. मी जे करायचे ते शेवटी आवरून ठेवायचे. पण मी आवरून गेल्यावर, माझी चाचणी पुन्हा येण्याआधी, त्या जागेत कोण कोण येऊन गेलं यावर माझं हिरवं-लाल ठरायचं, आणि मी जवळजवळ रोज लाल असायचे.

सर्वांत मोठा उपद्रव एका चाचणीचा होता. चुकीचा ओटीपी पुन्हा पुन्हा टाकला तर खातं बंद पडतं की नाही, हे ती तपासायची. खातं बंद पडायचं. चाचणी हिरवी व्हायची. आणि ते बंद खातं तसंच टाकून ती चाचणी निघून जायची. मग अख्ख्या मजल्याच्या चाचण्या बंद दारावर डोकं आपटून लाल व्हायच्या. ही चाचणी माझ्या शेजारी बसणाऱ्याची होती.

तो नागपूरचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, आणि मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याने मला ताब्यात घेतलं होतं. मी त्याला 'तुम्ही' म्हणाले तर म्हणाला, "अहो-जाहो काहून करते? सासरा आहे का मी तुझा?" त्याला सगळे ओळखायचे. लिफ्टमधला सुरक्षारक्षक त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायचा आणि हा नागपुरी हिंदीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं बरं चाललेलं असायचं. काम तो झपाट्याने करायचा. मागे वळून बघायचा नाही.

सकाळची मीटिंग उभ्याने होते. प्रत्येकाने काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, एवढं सांगायचं. सगळे सांगायचे, चाचण्या लाल आहेत, पण आपली चूक नाही, एन्व्हायर्नमेंट इश्यू आहे. हे शब्द हवामानाबद्दल बोलावं तसे उच्चारले जायचे. एन्व्हायर्नमेंट म्हणजे चाचण्या जिथे चालतात ती सगळ्यांची जागा, म्हणजे आम्हीच होतो, हे मला दिसत होतं. मी ते वाक्य मनात तयारही केलं होतं, इंग्रजीत, व्याकरणशुद्ध. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि तिथे आम्हाला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या: उत्तम इंग्रजी, आणि हात वर करून परवानगी मिळाल्याशिवाय ते न वापरणं. ऑफिसात परवानगी देणारं कुणी नव्हतं. बोलणारे एकमेकांच्या वाक्यांतून वाट काढत बोलायचे. माझी पाळी आली की मी म्हणायचे, "सेम. एन्व्हायर्नमेंट इश्यू."

एकदा मी शेजाऱ्याला थेट सांगायचं ठरवलं. त्याच्याकडे वळले. तो म्हणाला, "बोल ना, काय झालं?" मी म्हटलं, तुझ्या त्या खातं बंद करणाऱ्या चाचणीनंतर खातं उघडायचं राहतं बहुतेक. 'बहुतेक' हा शब्द मी घालायला नको होता.

"हो का? करून टाकतो," तो म्हणाला. "चल, डोसा खाऊन येऊ." आणि खरंच डोसा खायला घेऊन गेला, खूप हसवलं, आणि खातं दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद होतं.

दुसरा उपाय माझ्यासाठी वेगळं गिऱ्हाईक मागणं. त्यासाठी वेगळा नंबर लागणार होता आणि नंबर देणं हे प्लॅटफॉर्म टीमचं काम होतं. मी रीतसर तिकीट टाकलं, म्हणजे त्यांच्या यादीत विनंती नोंदवली. कारण लिहिलं, फायदे लिहिले, खाली आभार मानले. काही दिवसांनी तिकिटाची स्थिती 'नवीन'वरून 'विचाराधीन' झाली, आणि तिथे तिने संसार थाटला.

तेव्हा मी झाडू लिहिला.

तो एक छोटासा प्रोग्राम होता. त्याने काय करायचं, तर गिऱ्हाइकाच्या खात्यात डोकावायचं. आत कुणाची चाचणी चालू असेल तर मागे फिरायचं. कुणी नसेल तर आवरायला घ्यायचं: खातं बंद असेल तर उघडायचं, टोपली रिकामी करायची, पत्ते पुसून एकच ठेवायचा, भाषा इंग्रजी करायची, जन्मतारीख माणसात आणायची. मग गुपचूप बाहेर पडायचं. थोड्या वेळाने पुन्हा. दिवसभर. मी तो टेस्टच्या सर्व्हरवर, माझ्या लॉगिनखाली, चालू करून दिला आणि कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर दोन गोष्टी होतील असं मला वाटलं. एक म्हणजे लोक विचारतील, आम्ही काय घाण करतो का. आणि दुसरी म्हणजे हे काम माझं होईल.

परिणाम लगेच दिसला. माझ्या चाचण्या हिरव्या झाल्या. पण झाडू काही माझ्यापुरता झाडत नव्हता, त्यामुळे सगळ्यांच्याच हिरव्या झाल्या. सकाळच्या मीटिंगमध्ये कुणालाच अडचण राहिली नाही. लोकांना बोलायला विषय राहिला नाही, तेव्हा ते ट्रॅफिकबद्दल बोलू लागले. रिंग रोडच्या कडेला ऑफिस असल्यामुळे तो विषय संपण्याची भीती नव्हती.

मॅनेजर सुरुवातीला हे नशीब समजला, मग स्वतःची कामगिरी. त्याने वरिष्ठांसाठी एक सादरीकरण बनवलं. त्यात लाल रेघ खाली उतरत गेलेली होती आणि शीर्षक होतं, 'शिस्तीची संस्कृती'. तो म्हणाला, मी कुणावर सक्ती केली नाही, लोकांमध्ये आपोआप जबाबदारीची भावना आली. त्यातलं 'आपोआप' बरोबर होतं.

मला वाईट वाटलं का? थोडं. पण माझं लक्ष रिलीजकडे होतं. आपलं श्रेय कुणी नेलं तरी चालेल, आपल्याला जागा मिळाली की झालं, असा माझा हिशोब होता. तो मला समजूतदारपणाचा वाटायचा.

मग शेजाऱ्याने एक बदल पाठवला. आमच्याकडे कोणीही आपल्या प्रोग्राममध्ये बदल केला तर दुसऱ्या कुणीतरी तो वाचून मंजूर करायचा असतो. त्याने माझं नाव टाकलं होतं. उघडून बघितलं तर त्या खातं बंद करणाऱ्या चाचणीतली 'नंतर करू' ही ओळ त्याने काढून टाकली होती. आवराआवरीची मोकळी जागाही काढून टाकली होती. खाली कारण लिहिलं होतं: गरज नाही, एन्व्हायर्नमेंट हे आपलं आपण करतं.

मी ते दोनदा वाचलं. तो शेजारीच होता, कानात हेडफोन, पाय हलवत. मग मी मंजूर केलं.

त्या पाठोपाठ इतरांचेही असे बदल येऊ लागले. ज्या थोड्या लोकांनी आवराआवर लिहिलेली होती त्यांनीही ती काढायला सुरुवात केली, कारण तिच्यामुळे चाचणी जरा हळू चालायची, आणि कंपनीत वेगाची मोहीम चालू होती. माझा झाडू आता दम न खाता झाडत होता. मीच एक अशी उरले होते जी स्वतःच्या चाचणीचं स्वतः आवरत होती आणि वर बाकीच्यांचंही आवरत होती.

यानंतर तिमाही सभेत गुणवत्तेचं बक्षीस जाहीर झालं. ते कुणाला द्यायचं हे ठरवण्याची पद्धत अशी होती, की ज्याच्या चाचण्यांत सर्वांत जास्त सुधारणा झाली त्याला. सर्वांत जास्त सुधारणा व्हायला आधी सर्वांत जास्त लाल असावं लागतं. बक्षीस माझ्या शेजाऱ्याला मिळालं. 'चाचणी शिस्तीसाठी' असं लिहिलेलं प्रमाणपत्र आणि चहाचा एक मग. त्याने व्यासपीठावर जाऊन दोन मिनिटं फार छान भाषण केलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. खाली येऊन चहाचा मग माझ्या टेबलावर ठेवत तो म्हणाला, "खरं सांगू का, मी काय केलं ते मलाच माहीत नाही."

"सुधारणा झाली ना," मी म्हणाले.

"हो ना बावा. झाली खरी."

रिलीज झाला. माझ्या चाचण्या शेवटपर्यंत हिरव्या होत्या. मॅनेजरने शब्द पाळला. बनवणाऱ्या टीमच्या लीडकडे माझं नाव दिलं. ती मला भेटली, काही प्रश्न विचारले, उत्तरं ऐकून मान डोलावली. ती म्हैसूरची, कमी बोलणारी, आणि आम्ही दोघी कमी बोलणाऱ्या असल्यामुळे ती मुलाखत लवकर आटोपली. सोमवारी आपण तिघं बसून तारीख ठरवू, असं मॅनेजर म्हणाला. मी शुक्रवारी सुट्टी घेऊन पुण्याला गेले, चुलतभावाचा साखरपुडा होता. तिथे सगळ्यांना मी सांगितलं की माझी बदली होतेय, आता मी ॲप बनवणार. आईने विचारलं, मग आत्तापर्यंत काय करत होतीस?

सोमवारी परतले तर मजल्यावरचे सगळे बोर्ड लाल. नुसते लाल नव्हे. असं लाल मी कधी पाहिलं नव्हतं.

झालं होतं ते अगदी साधं. कंपनीच्या नियमाप्रमाणे ठरावीक काळाने पासवर्ड बदलावा लागतो. माझा शुक्रवारी संपला. मी पुण्यात होते, बदलला नाही. माझ्या लॉगिनखाली चालणाऱ्या झाडूला शुक्रवारी सकाळी आत घेतलं गेलं नाही. आणि आता मजल्यावर माझ्याशिवाय स्वतःचं आवरणारं कुणी उरलंच नव्हतं. गिऱ्हाईक बंद खात्यात, कन्नड भाषेत, कांद्याच्या ढिगाखाली पडलं होतं.

प्लॅटफॉर्म टीमने कारण शोधायला सर्व्हर उघडला तेव्हा त्यांना अडलेला झाडू सापडला, आणि त्यावर माझं नाव.

सोमवारची ती बैठक काचेच्या खोलीत होती. मॅनेजर होता, म्हैसूरची लीड होती, मी होते. मॅनेजरने शेजाऱ्यालाही बोलावलं होतं, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे शिस्तीच्या विषयात त्याचं मत घेणं योग्य ठरलं असतं. मला वाटलं होतं की मॅनेजर चिडेल. तो चिडला नव्हता. तो गहिवरला होता.

एवढे महिने तू एकटीने हे केलंस, तो म्हणाला, आणि एका शब्दाने बोलली नाहीस. मग तो लीडकडे वळून सांगू लागला, की ही मुलगी या मजल्याचा आधार आहे, हे आता सिद्धच झालं. एक दिवस ती नव्हती तर काय झालं बघा. अशा माणसाला आत्ता हलवणं धोक्याचं आहे. तिला आपण एन्व्हायर्नमेंटची जबाबदारी देऊ, सध्याच्या कामासोबत. बदलीचं पुढच्या वर्षी बघू. हे सगळं तो इतक्या मायेने बोलत होता की मला आभार मानावे लागतील असं वाटलं.

लीडने माझ्याकडे पाहिलं. तिने काही विचारलं नाही. ती वाट बघत होती. खोलीत कुणी बोलत नव्हतं, आणि ही शांतता माझ्यासाठी आहे हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

मला खूप काही सांगता आलं असतं. माझ्यामुळे नाही तर तुमच्या सगळ्यांच्या वागण्यामुळे हे झालं, असं म्हणता आलं असतं. तयार केलेली सगळी वाक्यं त्या वेळी कुठे गेली कोण जाणे. मी टेबलाकडे बघत इंग्रजीत म्हणाले, "शिस्तीचं बक्षीस यांना मिळालंय. हे काम यांच्याकडे द्यायला हवं."

मी ते फार हळू म्हणाले होते. उपरोधाने म्हणायचं ठरवलंही नव्हतं; मला ते खरंच सरळ उत्तर वाटलं होतं. मॅनेजरने प्रमाणपत्रावर स्वतः सही केली होती. आता त्याला एकतर बक्षीस चुकीच्या माणसाला दिलं म्हणावं लागणार होतं, नाहीतर माझं ऐकावं लागणार होतं. त्या दोन पर्यायांच्या मध्ये तो काही क्षण उभा राहिल्यासारखा दिसला.

आधी हसला तो शेजारीच. मोठ्याने, मान मागे टाकून. मग मराठीत मला म्हणाला, "वा. चुपचाप चुपचाप बरोबर जागी नेऊन ठेवलं मला." आणि मॅनेजरला इंग्रजीत, "तिचं बरोबर आहे. मी घेतो."

लीडने वही मिटली आणि विचारलं, पुढच्या सोमवारी सुरुवात करू शकतेस का. मी हो म्हटलं.

झाडू त्याच्या हवाली करायला आम्ही एक दुपार बसलो. मी एकेक ओळ समजावून सांगत होते. कांद्याच्या ओळीपाशी तो हसला. खातं उघडण्याच्या ओळीपाशी आला तेव्हा हसला नाही.

"हे माझ्यामुळे?"

"बहुतेक," मी म्हणाले. मग म्हणाले, "हो."

"आणि तू तो बदल मंजूर केला. ते 'आपलं आपण करतं' वालं."

"हो."

"कमाल आहे बे तू. सांगायचं ना मग. ओरडायचं होतं माझ्यावर."

सांगितलं होतं, मी म्हणाले, डोसा खायला गेलो त्या दिवशी. त्याने आठवून बघितलं. त्याला डोसा आठवला.

मला त्याचा राग येत होता, आणि तो हे सगळं न रागावता ऐकून घेत होता म्हणून आणखी येत होता. पुढच्या सोमवारी मी दुसऱ्या मजल्यावर गेले. नवं टेबल खिडकीजवळ होतं. खिडकी तळ्याच्या बाजूची, आणि तळ्याला घाण वास यायचा, म्हणून कायम बंद. काम अवघड होतं आणि आवडत होतं. अक्कांना मी संध्याकाळी सांगितलं की मिळाली बदली. त्यांनी विचारलं, पगार वाढला का. मी नाही म्हटलं. "मग स्वल्प चहा तरी घे," त्या म्हणाल्या.

खालच्या मजल्यावरचं माझ्या कानावर यायचं. शेजाऱ्याने झाडू महिनाभरही चालवला नाही. पहिल्या आठवड्यात त्याने सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सुनावलं, की आपापलं खरकटं आपण उचला, मी काही तुमची बाई नाही. लोक हसले, आणि बऱ्याच जणांनी उचलायला सुरुवात केली. जे करत नव्हते त्यांच्या टेबलाशी जाऊन हा बसायचा. तो उठावा म्हणून ते आवराआवर लिहून टाकायचे. मग तो प्लॅटफॉर्म टीमकडे गेला, कागद-तिकीट काही न घेता, कॉफीचे कप घेऊन. त्यांच्यातल्या एकाची सासुरवाडी अमरावतीची निघाली. आठवड्याच्या आत प्रत्येक टीमला आपापला नंबर मिळाला. माझं तिकीट मी सवयीने उघडून बघितलं. ते विचाराधीनच होतं.

मग एके दिवशी मेल आली. त्याला बढती मिळाली होती. 'टेस्ट एन्व्हायर्नमेंट लीड', असं नवं पद, हाताखाली दोन माणसं. मला जे सध्याच्या कामासोबत करायला सांगितलं जात होतं त्याला आता खुर्ची आली होती.

मी मेलला उत्तर लिहायला घेतलं, आणि मग उठून खालच्या मजल्यावर गेले. अभिनंदन केलं. तो खूश झाला, आणि लगेच जरा सावध झाला.

"तुला पाहिजे होतं का हे?" त्याने विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही. मला तिकडे जायचं होतं." हे खरं होतं. पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. "तुला पद कसं काय दिलं त्यांनी? मला तर नुसतं काम देत होते."

तो जरा गोंधळला, जणू मी फार सोपं काहीतरी विचारलं होतं. "मी मागितलं. म्हटलं, काम करतो, पण पद द्या, माणसं द्या."

"मग?"

"मग काय, दिलं."

तो म्हणाला, चल, चहा घेऊ, आज माझ्याकडून. खाली कॅन्टीनमध्ये जाईपर्यंत त्याने वाटेत तिघांना हाका मारून बरोबर घेतलं होतं. मी त्यांच्यातल्या कुणालाच ओळखत नव्हते. तो त्यांना माझी ओळख करून द्यायला लागला, तेव्हा कळलं की तिघंही माझ्याच नव्या टीममधले होते.